घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलंय? चांगलं बी ओळखायचं कसं, यावर बोलू

पैनगंगाकाठ (रिसोड, जि. वाशिम) – १२ मे, रात्री ९:१५

मंडळी, मे निम्मा होत आला. कोठीतली पोती बाहेर काढायची वेळ झाली, म्हणून हा धागा काढतोय. दरवर्षी जूनच्या शेवटी फोन सुरू होतात, "दादा, आठ दिवस झाले, तास (पिकाची ओळ) दिसेना, काय करू?" तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. आज आहे.

२०२० चा खरीप विदर्भ-मराठवाड्यात कोणी विसरलं नसेल. आमच्या साडेतीन एकरात घरचंच बियाणं पेरलं होतं. आठव्या दिवशी सकाळी वडील आणि मी धुऱ्यावरून बघत निघालो, तर काकरात हात-दीड हातावर एखादं रोप. वडील खाली बसले आणि बोटांनी माती उकरली. बी सापडलं. फुगलेलं होतं, पण चिमटीत धरल्यावर लोण्यासारखं फिसकलं आणि कुजका वास आला. तसेच पुढे सरकत त्यांनी दहा-बारा ठिकाणी उकरलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुबार पेरणीला पैसे आईच्या भिशीतून आले.

कारण आधीच्या ऑक्टोबरात होतं. २०१९ ला ऐन काढणीत पाऊस लागून राहिला आणि आमची गंजी दोनदा भिजली. नंतर ऊन पडलं, माल वाळला, दिसायलाही बरा दिसला. अडत्याने घेतलाही. म्हणून त्यातलाच तीन पोती माल आम्ही बियाण्याला ठेवला. विकायचा दाणा चांगला असला की पेरायलाही चांगला, अशी आमची समजूत. तेल गाळायला तो दाणा ठीकच होता. उगवायला नव्हता.

सोयाबीनचं बी फार नाजूक. साल पातळ, आणि मूळ ज्यातून फुटतं तो कोंब सालीच्या अगदी खाली, कडेलाच. हरभऱ्याचं पोतं खांद्यावरून टाकलं तरी निभतं, सोयाबीनचं निभत नाही. वरून दाणा अखंड दिसतो आणि आत कोंब मोडलेला असतो. जमिनीत गेलं की पाणी पितं, फुगतं आणि सडतं.

त्या वर्षापासून आम्ही काय करतो ते सांगतो. बियाण्याचा अर्धा-पाऊण एकर फुलोऱ्यातच ठरवतो. तिथे जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की उपटतो. उंचीत वेगळं, पानात वेगळं, रोगट, तेही काढतो. शेंगा भरल्यावर पुन्हा एक फेरी, कारण शेंगेच्या रंगावरून आणि लवीवरून उरलेली भेसळ कळते. ही फेरी आई मारते, तिची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. कापणीला पावसाचा अंदाज असेल तर बाकीचं शेत मागे राहिलं तरी चालेल, बियाण्याचा तुकडा आधी ताडपत्रीखाली.

मळणी हा सगळ्यात मोठा घोळ. हडंबेवाला, म्हणजे मळणी यंत्रवाला, घाईत असतो, त्याला दिवसात चार शेतं उरकायची असतात. माझं एकच सांगणं असतं, बियाण्याचं शेवटी काढ आणि यंत्राचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ देऊ नकोस. पहिलं घमेलं भरलं की मी ओंजळभर दाणे हातावर पसरतो. डाळ झालेले दिसले तर यंत्र थांबवतो. डाळ आपल्याला दिसते, पण प्रत्येक डाळीमागे न दिसणारे तडे गेलेले दाणे कितीतरी असतात. दाणा अगदी खणखणीत वाळल्यावर मळलं तर आणखी फुटतो, ओल तेरा-चौदा टक्क्यांवर असताना मळावं आणि मग वाळवावं. थोडंच हवं असेल तर काठीने झोडपून काढलेलं सर्वात उत्तम. मागच्या वर्षी एका एकराचं आम्ही तसंच काढलं.

मग सावलीत आणि कोवळ्या उन्हात ताडपत्रीवर वाळवून बारा टक्क्यांच्या खाली आणतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, थप्पी पाच पोत्यांच्या वर नाही. हमाल लावत नाही. आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंनी धरून उचलतो आणि ठेवतो.

एवढं करूनही उगवण मोजल्याशिवाय मी पेरत नाही. तुम्ही काय करता ते लिहा. काही चुकत असेल तर तेही सांगा.

तिफण (मेहकर) – १२ मे, रात्री १०:०२

दादा, सगळं खरं, पण एवढ्या खटाटोपापेक्षा बॅग आणलेली परवडत नाही का? आमच्याकडे माणसंच मिळत नाहीत. आणि मी २०२० ला एका कंपनीची बॅग पेरली होती, तीही उगवली नाही. मग घरचं काय आणि विकतचं काय, शेवटी नशीबच ना?

पैनगंगाकाठ – १२ मे, रात्री १०:२०

नशीब म्हणू नका भाऊ. बॅगेतलं बीसुद्धा कोणाच्या तरी शेतातच पिकलेलं असतं. २०१९ चा पाऊस बीजोत्पादकाच्या शेतावरही पडलाच होता. बॅग आणा, माझी ना नाही. तीन वर्षांनी एकदा मीही नवीन आणतो, वाण शुद्ध राहायला. पण बॅगेतले शंभर दाणेही मोजून उगवून बघा. कोणी बघत नाही, हीच अडचण आहे.

बीजपरीक्षक_निवृत्त (अकोला) – १३ मे, सकाळी ६:४०

बीज परीक्षणात माझी नोकरी गेली, त्यामुळे चार गोष्टी अधिकाराने सांगू शकतो. पैनगंगाकाठ यांनी लिहिलेलं जवळपास सगळं बरोबर आहे.

आम्ही बियाण्याचे चार गुण बघतो. वाण शुद्ध आहे का. माती-काडी-फुटके दाणे-तणाचं बी किती. ओल किती. उगवण किती. रोगट नाही ना, हे पाचवं. सोयाबीनसाठी कायद्याने ठरलेली किमान पातळी अशी: भौतिक शुद्धता ९८ टक्के, उगवण ७० टक्के, साध्या पिशवीत ओल जास्तीत जास्त १२ टक्के. गहू आणि हरभऱ्याला उगवण ८५ टक्के लागते, भाताला ८०, तूर-मूग-ज्वारीला ७५. सोयाबीनला ७० च का, असं लोक विचारतात. हे पीक साठवणीत लवकर दम सोडतं, म्हणून.

आता पिशवीवरच्या खुणचिठ्ठीबद्दल, कारण दुकानात ती वाचणारा शंभरात एखादा दिसतो. सोनेरी पिवळी म्हणजे पैदासकार बियाणं, ते विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालचं. त्यापासून पायाभूत, पांढरी खूणचिठ्ठी. त्यापासून प्रमाणित, निळी. या दोन्हींचं शेत प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस येऊन तपासतो. सोयाबीनमध्ये प्रमाणित शेतात हजारात पाचपेक्षा जास्त वेगळी झाडं चालत नाहीत, पायाभूतमध्ये हजारात एक. हिरवट चिठ्ठी म्हणजे सत्यप्रत, तिथे शेत यंत्रणेने तपासलेलं नसतं, लिहिलेल्या गुणांची जबाबदारी उत्पादकाची. उगवणीची किमान अट मात्र सत्यप्रतलाही तीच. सत्यप्रत म्हणजे वाईट असं नाही, पण काय विकत घेतोय हे ठाऊक हवं.

आणि चाचणीची तारीख बघा. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते, पुन्हा तपासून सहा महिने वाढते. वाढवलेल्या मुदतीची पिशवी सोयाबीनमध्ये मी स्वतः घेणार नाही.

तिफण, पिशवीवरचा आकडा आणि शेतातली उगवण यांत फरक का पडतो तेही सांगतो. प्रयोगशाळेत आम्ही चारशे दाणे, शंभराचे चार भाग करून, २५ अंशाला, पुरेशा ओलीत ठेवतो. आठ दिवस. बियाला इतकं सुख शेतात कुठून मिळणार? वर पापुद्रा धरतो, पाणी साचतं, बी खोल पडतं. ७२ टक्क्यांची दोन बियाणी कागदावर सारखी दिसतात, पण एक तावातावाने वर येतं आणि दुसरं मातीखालीच थकतं. याला आम्ही जोम म्हणतो. पिशवीवर तो लिहिलेला नसतो. आम्ही काही नमुने ४१ अंश उष्णतेत आणि दमट हवेत ७२ तास ठेवून मग उगवायचो. तिथे खरं-खोटं वेगळं व्हायचं. चांगला लॉट त्यातूनही ताठ निघायचा, काही लॉट ऐंशीवरून तिसावर आलेले मी पाहिलेत.

ओलीचंही ऐका. साठवणीतल्या बियाची ओल एक टक्का कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. मार्च ते मे आपल्या टिनाच्या कोठीत काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. बी घराच्या थंड खोलीत ठेवा. देवघराशेजारी ठेवणाऱ्या आपल्या आज्या चुकत नव्हत्या.

डोंगळे (कळवण, जि. नाशिक) – १३ मे, सकाळी ८:१५

सोयाबीनवाल्यांचं चाललंय, पण कांद्याचं बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बियाण्यावर अख्खी चाळ (कांदा साठवायची) उभी राहते किंवा सडते.

कांद्याच्या बियाचा दम फारच कमी. एक वर्ष गेलं की निम्मंही उगवत नाही, म्हणून जुनं उळं (कांद्याचं बी) टाकणारा हमखास फसतो. आणि दाणा बघून काहीच कळत नाही. काळाभोर, टोकदार, सगळ्यांचं सारखंच दिसतं. खरी निवड कांद्यात करावी लागते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकला, त्यातला मध्यम, एकडोळ्याचा, बारीक मानेचा, रंग धरून असलेला कांदा डोंगळ्याला, म्हणजे बी धरायला पुन्हा लावायचा. जोड कांदा नाही, जाड मानेचा नाही, कोंब आलेला नाही. आमचे वडील चाळ फोडल्यावर दोन दिवस फक्त हेच करायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. चाळीत टिकलेल्या कांद्याचंच बी पुढे चाळीत टिकतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे लावले की फुलं येतात फेब्रुवारीत. मधमाशी हवीच, ती नसेल तर गोंडे पोचट राहतात. फुलोऱ्यात कोणी कडक औषध मारलं की माशा गेल्या आणि बीही गेलं. आणि जवळ दुसऱ्या जातीचे डोंगळे असतील तर सगळं मिसळतं. सोयाबीन आपल्या आपल्यात फळतं, त्याला तीन मीटर अंतर पुरतं. कांद्याला किलोमीटरभर लांब गेलेलं बरं. आमच्या वस्तीवर आम्ही चार घरं मिळून एकच जात डोंगळ्याला लावायची असं ठरवलंय. हे ठरायला तीन वर्षं आणि दोन भांडणं लागली.

गच्चीवरची_बाग (पुणे) – १३ मे, दुपारी १:३०

मला शेतीतलं फार कळत नाही, गच्चीवर थोडी भाजी लावते. दुकानातून आणलेल्या संकरित टोमॅटोचं बी काढून गेल्या वर्षी लावलं. उगवलं सगळं, पण एका झाडाला लांबट फळ, दुसऱ्याला गोल, एकाला तर बोराएवढी. माझं बी खराब होतं का?

बीजपरीक्षक_निवृत्त – १३ मे, दुपारी ३:०५

बी खराब नव्हतं ताई, उगवलं ना सगळं. संकरित वाण दोन वेगळ्या आई-बापांपासून मुद्दाम केलेला असतो आणि पहिल्याच पिढीत एकसारखा येतो. पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन वेगवेगळ्या झाडांत जातात. कपाशीचंही तेच. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० साली गुजरातेत सुरतेला तयार झाला, तेव्हापासून शेतकरी दरवर्षी बी विकत घ्यायला लागला, कारण संकरिताचं घरी ठेवून चालत नाही. तुम्ही सरळ किंवा गावठी वाणाचं बी घ्या, ते वर्षानुवर्षं ठेवता येईल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भात यांची देशी बियाणी अशीच राखली, २०२० चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला.

खाचर (चिपळूण) – १३ मे, रात्री ८:५०

आमच्या भाताची एक सोपी गोष्ट सांगतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणे वर येतात, ते काढून कोंबड्यांना. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि रोपाला टाकायचं. रोपं एका उंचीची येतात. माझी आजी मिठाशिवाय, नुसत्या पाण्यात करायची आणि बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर ठेवायची. खाली चूल. धुरामुळे कीड नाही आणि पावसाळ्यातली दमट हवाही लागत नाही.

सोयाबीनवर हे करू नका. पाण्यात टाकलंत तर पेरायच्या आधीच साल सुटेल.

उन्हाळी_प्लॉट (वसमत, जि. हिंगोली) – १४ मे, सकाळी ७:२०

दादा, ऑक्टोबरच्या पावसाची धास्ती कायमची संपवायची असेल तर उन्हाळी सोयाबीन करा. आमचं जानेवारीत पेरलेलं आता मळून झालं. दाणा थोडा बारीक येतो, एकरी उताराही खरिपापेक्षा कमी, आणि पाणी लागतं. पण कापणीला पाऊस नाही आणि साठवण फक्त महिनाभर. गेल्या वर्षी गोणपाटावर शंभरातले एक्क्याण्णव उगवले.

पैनगंगाकाठ – १४ मे, सकाळी ७:५५

वसमतला कालव्याचं पाणी आहे. आमच्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात. ज्याच्याकडे पाणी आहे त्याने जरूर करावं आणि कोरडवाहूवाल्याला रास्त भावाने द्यावं. आपल्या शेतातलं बी ठेवायचा, बदली करायचा, ब्रँड न लावता विकायचासुद्धा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. बऱ्याच जणांना ते माहीत नाही. फक्त पेरणीला उशीर नको. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा चुकला तर फुलोरा मार्चअखेरच्या उन्हात सापडतो आणि शेंगा भरत नाहीत.

तिफण – १४ मे, रात्री ९:१०

बॅग नाही उगवली तर नेमकं करायचं काय? मागच्या वेळी दुकानदाराने हात झटकले आणि माझ्याकडे पावतीही नव्हती.

बीजपरीक्षक_निवृत्त – १४ मे, रात्री ९:४५

पावती घ्यायचीच, त्यावर लॉट नंबर लिहून घ्यायचाच. पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे वरची चिठ्ठी शाबूत राहते. मूठ-दोन मुठी बी त्याच पिशवीत राखून ठेवा, पीक घरात येईपर्यंत टाकू नका. उगवण नाही दिसली तर लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याला बियाणे तक्रार निवारण समिती असते, ती शेतात येऊन पंचनामा करते. तोवर शेत मोडू नका. घाईने दुबार पेरणी केली की पुरावा गेला. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. बियाण्याबाबत शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलंय, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.

बांधावरची (परतूर, जि. जालना) – १५ मे, सकाळी ११:२०

पैनगंगाकाठदादा, मी धागा रोज वाचतेय. मिस्टर गेल्यापासून शेती मीच बघते. चार पोती सोयाबीन बियाण्याला ठेवलंय. गोणपाटाची चाचणी नक्की कशी करायची ते नीट सांगाल का? आणि कमी उगवलं तर सगळंच टाकून द्यायचं का?

पैनगंगाकाठ – १५ मे, दुपारी १२:४०

ताई, टाकून द्यायची वेळ सहसा येत नाही, काळजी करू नका.

प्रत्येक पोत्यातून वेगळा नमुना घ्या. हात कोपरापर्यंत आत घालून वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढा आणि एकत्र करा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजा. चांगले-चांगले उचलायचा मोह होतो, तो आवरा. गोणपाट धुऊन, ओलं करून, पिळून पसरा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यात दोन बोटं अंतर. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सुतळीने सैल बांधा आणि सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारा, पण पाणी निथळत राहील इतकं नको, नाहीतर चांगलं बीही सडेल. सातव्या दिवशी उघडा. ज्याला सरळ मूळ आणि धडधाकट कोंब आहे तोच मोजा. नुसता फुगलेला, मूळ खुंटलेला, दोन दलांत मोडलेला धरायचा नाही. आमच्या वडिलांना हे पटत नव्हतं, "अंकुर तर दिसतोय की" म्हणायचे.

७० च्या वर आलं तर एकरी ३० किलो नेहमीप्रमाणे. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस, ६० ला पस्तीस. साठाच्या खाली मी पेरत नाही, तेवढं बी वाढवूनही तासात खांडण्या पडतात.

पेरायच्या आधी बुरशीनाशक, सावलीत सुकवून मग पेरायच्या दिवशी रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं, दहा किलोला अडीचशे-अडीचशे ग्रॅम. हाताने हलकं चोळा, साल निघेल असं घोळू नका. आणि पहिल्या सरीला भुलू नका ताई. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की मग. खोली तीन-चार सेंटिमीटर. ट्रॅक्टरवाला खोल घालत असेल तर खाली उतरवून दाखवा.

बांधावरची – २२ मे, सायंकाळी ६:०५

दादा, आज उघडली. चारही पोत्यांची वेगवेगळी केली होती, मुलीने खडूने नंबर घातले. वरच्या तीन पोत्यांचं ७४, ७८ आणि ७१ निघालं. खालचं पोतं, जे भिंतीला टेकून होतं, त्याचं ४६. बाहेरून चारही सारखीच दिसतात, हातात घेतली तरी फरक कळत नाही.

पैनगंगाकाठ – २२ मे, सायंकाळी ६:३०

भिंतीची ओल लागली असणार. चौथं पोतं बियाण्यात मिसळू नका. तीन पोती आजच फळीवर घ्या, वर काही ठेवू नका.

बांधावरची – २२ मे, सायंकाळी ६:४८

फळी नव्हती, जुन्या बाजेवर ठेवली. चौथं उद्या अडतीला घालते. ७१ वाल्याची एकदा परत चाचणी लावतेय, या वेळी दोनशे दाण्यांची.